पाणवनस्पतींच्या टाकीसाठी दिवा कसा निवडावा

घरच्या मत्स्यालयात खऱ्या वनस्पती लावायचे ठरले की बहुतेक जण सर्वांत आधी दिवा विकत आणतात, आणि माझ्या मते चुकीची सुरुवात तिथेच होते. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी मी पहिली दोन फुटी टाकी मांडली, तेव्हा मधल्या खोलीत दिवसाढवळ्याही बल्ब लावावा लागत असे. खोली अंधारी आहे, तेव्हा दिवा दणकट हवा, असा सरळ हिशेब करून मी पन्नास वॅटचा एलईडी फ्लडलाइट आणला आणि टाकीवर टांगला. तिसऱ्या आठवड्यात काचेवर हिरवी साय धरली, खडीवर केसांसारखे शेवाळ पसरले, आणि ज्या अनुबियाससाठी हा सगळा खटाटोप केला होता तिच्या पानांवर बोटाने घासूनही न निघणारे हिरवे ठिपके उमटले. अनुबियास स्वतः मात्र होती तेवढीच राहिली. दिवा कमी पडला नव्हता. तो त्या झाडाच्या गरजेच्या कितीतरी पुढे गेला होता, आणि झाडाला न पेललेल्या प्रकाशावर शेवाळ पोसले गेले. म्हणून दिवा निवडताना आधी खिडकी पाहावी, मग कोणत्या वनस्पती लावायच्या ते ठरवावे, मग टाकीची उंची मोजावी, आणि दुकानात त्यानंतरच जावे.

खिडकीपासून सुरुवात

टाकीत उन्हाचा किती शिरकाव होतो हे एकदा पाहून भागत नाही, कारण ऊन वर्षभर एका जागी राहत नाही. बडोदे साधारण २२.३ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे. त्यामुळे जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, काही दिवस तर किंचित उत्तरेकडे कललेला असतो, आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन घरात येतच नाही. डिसेंबरच्या शेवटी तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून सुमारे ४४ अंशांवर असतो, आणि खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असेल तर ऊन जवळजवळ सात फूट आत लादीवर पसरते. उन्हाळ्यात बिनधोक वाटलेली जागा थंडीत रोज दोन-तीन तास उन्हात येते ती अशी. मग दिवाळीनंतर महिन्याभरात पाणी हिरवे होऊ लागले की घरातली माणसे दिव्याला, खाद्याला आणि शेवटी माशांना दोष देत बसतात.

पूर्वेच्या खिडकीतले सकाळचे कोवळे ऊन थोडा वेळ पडत असेल तर फारसे बिघडत नाही, पण ते धरून दिव्याचा वेळ कमी करावा लागतो. पश्चिमेची खिडकी मात्र टाळलेलीच बरी. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चारचे ऊन काचेवर आले की प्रकाशापेक्षा उष्णतेचाच प्रश्न मोठा होतो. जुन्या शहरातल्या वाड्यांच्या आतल्या खोल्या या बाबतीत नव्या फ्लॅटच्या मोकळ्या, उजेडी दिवाणखान्यांपेक्षा सोयीच्या ठरतात, कारण तिथे प्रकाश किती द्यायचा हे सर्वस्वी आपल्या हाती राहते.

प्रकाशाच्या बाबतीत आपला डोळा भरवशाचा साक्षीदार नाही. एखाद्या जागेवर किती प्रकाश पडतो ते लक्समध्ये मोजतात. रात्री दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत साधारण १०० ते २०० लक्स प्रकाश असतो आणि भर दुपारच्या उघड्या उन्हात तो एक लाख लक्सच्या आसपास जातो, म्हणजे कित्येक शे पटींचा फरक. पण डोळ्याची बाहुली लहान-मोठी होत असल्यामुळे आणि दृष्टी लगेच सरावत असल्यामुळे आपल्याला दोन्ही ठिकाणी ‘चांगला उजेड’ वाटतो. यावर एक स्वस्त उपाय म्हणजे मोबाइलमध्ये लक्स मोजणारे ॲप घेणे. टाकीत पाणी भरण्यापूर्वी फोन टाकीच्या तळावर, पडदा वरच्या बाजूला करून ठेवावा आणि दिवसाच्या निरनिराळ्या वेळी, दिवा न लावता आणि लावून, आकडे टिपून घ्यावेत. फोनचा संवेदक प्रयोगशाळेतल्या उपकरणाइतका अचूक नसतो, परंतु एकाच फोनने दोन जागांची किंवा दोन दिव्यांची तुलना करायला तो पुरेसा असतो.

कोणती वनस्पती किती प्रकाश मागते

वनस्पतींना उपयोगी पडणारा प्रकाश म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीची किरणे. त्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पार’ म्हणतात, आणि एका चौरस मीटरवर एका सेकंदात त्यांचे किती मायक्रोमोल कण पडतात यावरून त्यांची तीव्रता मोजली जाते. पुढे मी नुसते मायक्रोमोल म्हणेन. साधारण ६५०० केल्विनच्या, म्हणजे दुपारच्या उजेडासारख्या पांढऱ्या एलईडीखाली लक्सच्या आकड्याला ७० ने भागले की मायक्रोमोलचा बऱ्यापैकी अंदाज येतो. तळाशी २००० लक्स मिळत असतील तर ते सुमारे २९ मायक्रोमोल झाले.

अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस आणि क्रिप्टोकोराइनच्या बहुतेक जाती सावलीतल्या ओढ्यांच्या वनस्पती आहेत. त्यांना तळाशी १५ ते ३० मायक्रोमोल, म्हणजे साधारण हजार ते दोन हजार लक्स पुरतात. घरात पहिल्यांदाच पाणवनस्पती लावणाऱ्याने याच गटात राहावे असे माझे स्पष्ट मत आहे. वॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, अमेझॉन स्वॉर्ड आणि बॅकोपा यांना ३० ते ६० मायक्रोमोल असावेत. यांतल्या कित्येक वनस्पती आपल्याच पाण्यातल्या आहेत. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा आणि कातरलेल्या पानांची हायग्रोफिला डिफॉर्मिस या दोन्ही भारतातल्या दलदलींत वाढतात, आणि बॅकोपा मोनिएरी ही तर आपली ब्राह्मी. परदेशी नावाच्या चिठ्ठीला भुलून दुप्पट पैसे देण्यापूर्वी हे लक्षात असावे. हायग्रोफिला आणि हॉर्नवर्ट भराभर वाढतात, पाण्यातली खतद्रव्ये उचलतात आणि त्यामुळे नव्या टाकीत शेवाळाला हात आखडता घ्यायला लावतात. सुरुवातीला त्यांच्या चार-सहा जुड्या अवश्य लावाव्यात.

तिसरा गट हौशी लोकांना सर्वांत जास्त भुरळ घालणारा आहे: लालबुंद रोटाला आणि लुडविजिया, आणि जमिनीवर गालिच्यासारखी पसरणारी बारीक पानांची रोपे. यांना ६० मायक्रोमोलच्या पुढे प्रकाश लागतो, पण केवळ प्रकाश देऊन ती साधत नाहीत. प्रकाश हा गाडीच्या ॲक्सिलरेटरसारखा असतो. तो दाबला की वनस्पतीची कार्बन डायऑक्साइडची, नत्राची, पोटॅशची आणि लोहाची मागणी वाढते. हवेच्या मानाने पाण्यात कार्बन डायऑक्साइड सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो, त्यामुळे पानाभोवतीचा साठा संपला की कितीही प्रखर दिवा असला तरी वाढ थांबते, आणि ज्यांच्या गरजा अगदी किरकोळ आहेत ते शेवाळ तेवढ्यावर फोफावते. ज्यांना कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, रेग्युलेटर आणि बुडबुडे मोजण्याचा उपद्व्याप करायचा नाही त्यांनी तळाशी ४० मायक्रोमोलच्या पुढे जाऊच नये. ज्यांना तो करायचा आहे त्यांनी गॅस दिव्याच्या तासभर आधी सुरू होईल आणि दिव्याबरोबर किंवा थोडा आधी बंद होईल अशी व्यवस्था करावी, आणि पाण्यातले त्याचे प्रमाण लिटरला ३० मिलिग्रॅमच्या पुढे नेऊ नये, नाहीतर मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतील.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवतो. दुकानात टाकीतली झाडे म्हणून विकली जाणारी काही रोपे मुळात पाण्याखाली जगणारी नसतात. ‘लकी बांबू’ आणि पट्टेदार पानांची ड्रेसेना ही त्यांतली ठळक उदाहरणे. ती पाण्याखाली दोन-तीन महिने टवटवीत दिसतात आणि मग बुडापासून सडतात. त्यांच्यासाठी दिवा बदलत बसणे व्यर्थ आहे.

खोक्यावरचे आकडे

दुकानदार वॅट सांगतो, खोक्यावर ल्युमेन आणि केल्विन लिहिलेले असतात, आणि झाडाला मायक्रोमोल हवे असतात. या चार भाषांचा मेळ घालता आला की निम्मे काम झाले.

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. तो किती प्रकाश देतो ते नव्हे. ‘अमुक लिटरला अमुक वॅट’ हा जुना नियम जाड ट्यूबलाइटच्या काळातला आहे आणि एलईडीला तो लावला तर माझ्या फ्लडलाइटसारखी गत होते. शिवाय छापलेल्या वॅटवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. दिव्याबरोबर येणाऱ्या ॲडॉप्टरवर बारीक अक्षरात व्होल्ट आणि ॲम्पिअर लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार करावा. ॲडॉप्टर १२ व्होल्ट आणि दीड ॲम्पिअरचा असेल, तर खोक्यावर साठ वॅट लिहिलेले असले तरी तो दिवा अठरा वॅटपेक्षा अधिक घेऊच शकत नाही. हा गुणाकार दुकानातच उभे राहून करता येतो, आणि तो केल्यावर भाव आपोआप उतरल्याचा अनुभव मला दोनदा आला आहे.

ल्युमेन हे माणसाच्या डोळ्यासाठीचे माप आहे. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला, म्हणजे ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सर्वांत संवेदनशील असल्यामुळे त्या रंगाला ल्युमेनमध्ये अधिक वजन मिळते, आणि वनस्पतींना प्रिय असलेल्या निळ्या व लाल किरणांना कमी. तरीही सर्वसाधारण पांढऱ्या एलईडीपुरते बोलायचे तर ल्युमेन हे कामचलाऊ माप आहे. पहिल्या गटातल्या झाडांना टाकीच्या दर लिटरमागे १५ ते २० ल्युमेन, दुसऱ्या गटाला २५ ते ४०, आणि तिसऱ्याला त्याहून अधिक, असा अडाखा साधारण फूट-सव्वा फूट उंचीच्या टाकीला लागू पडतो.

टाकीची उंची वाढली की हा अडाखा ढासळतो. दिव्यापासून दूर जाताना प्रकाश पसरतो, पाणी लाल किरणे आधी शोषून घेते, आणि पाण्यात गढूळपणा किंवा लाकडाचा चहासारखा रंग उतरला असेल तर आणखी घट होते. दोन फूट उंच टाकी दिवाणखान्यात भारदस्त दिसते खरी, पण तिच्या तळाला पुरेसा प्रकाश पोहोचवायचा म्हणजे वरच्या पानांना तो नको इतका मिळतो, आणि हात खांद्यापर्यंत बुडवून झाडे लावावी लागतात ते वेगळेच. वनस्पतींसाठी टाकी नव्याने बनवून घेणार असाल तर उंची सव्वा ते दीड फुटांच्या पुढे नेऊ नये. पैसे रुंदीवर खर्च करावेत.

रंगाविषयी

सन १८८२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर एंगेलमान यांनी हिरव्या शेवाळाच्या एका तंतूवर सूक्ष्मदर्शकाखाली इंद्रधनुष्याचे रंग पाडले आणि त्याच पाण्यात प्राणवायूकडे धाव घेणारे जिवाणू सोडले. ते जिवाणू तंतूच्या लाल आणि निळ्या प्रकाशातल्या भागांजवळ गोळा झाले, हिरव्यात फार थोडे राहिले. कोणत्या रंगात प्रकाशसंश्लेषण जोमाने चालते याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा होता. आजचे जांभळट-गुलाबी ‘ग्रो लाइट’ याच तत्त्वावर विकले जातात. ते खोटे नाहीत, पण त्यांच्याखाली मासे करपल्यासारखे आणि झाडे काळपट दिसतात, आणि घरात मत्स्यालय ठेवायचे ते पाहण्यासाठी. शिवाय हिरवा प्रकाश अगदीच वाया जातो असेही नाही. तो पानांतून आरपार जाऊन खालच्या पानांपर्यंत पोहोचतो आणि तिथे कामी येतो. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा एलईडी असतो आणि त्यावरच्या पिवळसर लेपामुळे त्यातला काही प्रकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत बदलतो, त्यामुळे साध्या पांढऱ्या दिव्यातही झाडाला लागणारे सर्व रंग कमी-अधिक प्रमाणात असतात. हा निळा एलईडी घडवल्याबद्दल २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले त्यांत एक हिरोशी अमानो आहेत. पाणवनस्पतींच्या मांडणीला ‘नेचर ॲक्वेरियम’ म्हणून जगभर नेणारे ताकाशी अमानो हे निराळे. नावांच्या या सारखेपणामुळे माझी बरेच दिवस गफलत होत असे.

केल्विन म्हणजे पांढऱ्या रंगाची छटा. २७०० चा दिवा पिवळसर, ६५०० चा दुपारच्या उजेडासारखा, आणि १०,००० च्या पुढचा निळसर. गोड्या पाण्यातल्या वनस्पतींसाठी ५००० ते ७५०० मधला कोणताही दिवा चालतो. खोक्यावर ‘मरीन’ असे लिहिलेले निळे दिवे खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांसाठी असतात; ते स्वस्तात मिळाले तरी घेऊ नयेत. लाल, हिरवे आणि निळे एलईडी पांढऱ्याबरोबर असलेले दिवे लाल झाडांचा रंग खुलवून दाखवतात, परंतु खुलवून दाखवणे आणि झाडात तो रंग तयार होणे यांत फरक आहे. पानातला लाल रंग मुख्यतः भरपूर प्रकाशामुळे आणि काही जातींत नायट्रेट मर्यादित ठेवल्यामुळे गडद होतो. अशा दिव्यांची किंमत बरीच असते, आणि पहिल्या गटातल्या झाडांसाठी तो खर्च करण्याचे काही कारण मला दिसत नाही.

बाजारातले पर्याय

दुकानात दिवा दाखवताना दुकानदार हमखास म्हणतो, “आ बधा छोड माटे चाले.” सगळ्या झाडांना चालणारा दिवा असा काही प्रकार नसतो, म्हणून आपला हिशेब कागदावर करूनच जावे. समजा टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच आहे, म्हणजे ६० गुणिले ३० गुणिले ३० सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात दोन फुटी एलईडी बॅटन मिळते; ती दहा वॅटची असते आणि सुमारे हजार ल्युमेन देते. एका बॅटनचे लिटरमागे साडेअठरा ल्युमेन झाले. अनुबियास, जावा फर्न आणि क्रिप्टोकोराइन त्यावर आनंदाने वाढतील. दोन बॅटन शेजारी-शेजारी लावल्या तर ३७ ल्युमेन होतात आणि वॅलिस्नेरिया, ब्राह्मी, हायग्रोफिला यांची सोय होते. दोन्हींना वेगवेगळी बटणे ठेवली की एक सहा तास आणि दुसरी मधले तीन-चार तास अशी चढउतारही साधता येते. ‘मत्स्यालयाचा दिवा’ असे नाव नसल्यामुळे हा सर्वांत स्वस्त पर्याय दुर्लक्षित राहतो.

बॅटनची उणीव अशी, की ती कोरड्या जागेसाठी बनवलेली असते. तिच्यावर संरक्षणाचा आकडा बहुधा ‘आयपी २०’ असतो, आणि त्यातला दुसरा अंक शून्य म्हणजे पाण्यापासून कसलेच संरक्षण नाही. तिला टाकीच्या झाकणाच्या आत, बाष्पात कधीही बसवू नये. वर काचेचे झाकण आणि त्यावर किंवा त्याच्याही वर चार बोटांवर बॅटन, अशी रचना असावी. फ्लडलाइट ‘आयपी ६५’ असल्यामुळे शिंतोड्यांना दाद देत नाही, पण त्याचा प्रकाश एका जागी गोळा होतो, लांबट टाकीच्या कडा अंधारात राहतात, आणि घरगुती टाकीला तो बहुधा फार होतो. तीन फुटी, दीड फूट उंच टाकीवर तिसऱ्या गटाची झाडे लावणाऱ्याने, वर दोरीने टांगून उंची बदलता येईल अशा बेताने, तो जरूर वापरावा.

खास मत्स्यालयासाठी बनवलेले तयार दिवे दिसायला नेटके असतात आणि त्यांचे पाय टाकीच्या काठावर व्यवस्थित बसतात. ते घेताना मी तीन गोष्टी पाहतो: प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय आहे का, दिव्याचे अंग ॲल्युमिनियमचे आहे की प्लॅस्टिकचे, आणि ॲडॉप्टर वेगळा असून बदलता येतो का. पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण प्रखर दिवा मंद करता येतो, मंद दिवा प्रखर करता येत नाही. दुसरीचे कारण बडोद्याचा उन्हाळा. एलईडीचे आयुष्य उष्णतेने घटते, आणि पारा ४२ अंशांवर गेलेल्या खोलीत ज्याची उष्णता बाहेर पडायला वाट नाही असा प्लॅस्टिकचा दिवा लवकर मंदावतो. तिसरीचे कारण असे, की विजेच्या चढउतारात एलईडीच्या आधी ॲडॉप्टरच जातो.

विजेच्या बिलाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. वीस वॅटचा दिवा रोज आठ तास चालला तर महिन्याला पाच युनिटही होत नाहीत.

बसवणे आणि वेळ ठरवणे

पाण्याजवळची वीज हा थट्टेचा विषय नाही. दिव्याची, पंपाची आणि फिल्टरची प्रत्येक वायर सॉकेटमध्ये शिरण्यापूर्वी सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जाईल आणि सॉकेटपर्यंत पोहोचणार नाही. घराच्या वितरण पेटीत ३० मिलिॲम्पिअरचे आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे बटण, असल्याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी. जुन्या घरांत ते बहुधा नसते. टाकीत हात घालण्यापूर्वी सर्व बटणे बंद करावीत.

टायमर दिव्याबरोबरच घ्यावा. आठवणीने बटण दाबणाऱ्या घरात कधी पाच तास तर कधी बारा तास दिवा चालतो, आणि सणासुदीला पाहुणे आले की रात्री एकपर्यंत. नव्या टाकीत पहिले तीन-चार आठवडे रोज सहा तासांपेक्षा अधिक प्रकाश देऊ नये. झाडांनी मूळ धरले, नवी पाने दिसू लागली की दर आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवत आठ तासांवर थांबावे. हे तास कोणते असावेत याची झाडांना पर्वा नसते, म्हणून घरातली माणसे टाकीसमोर बसतात ते धरावेत. आमच्याकडे दुपारी तीन ते रात्री दहा असा वेळ आहे. मंद दिवा सोळा तास लावून प्रखर दिव्याची भरपाई होईल ही समजूत मात्र काढून टाकावी. प्रत्येक वनस्पतीच्या श्वसनाची बरोबरी होण्याइतका किमान प्रकाश मिळाल्याशिवाय वाढ सुरूच होत नाही, आणि त्याच्या खालचा प्रकाश कितीही वेळ दिला तरी तो झाडाच्या पदरी पडत नाही.

मे महिन्यात टाकीचे पाणी ३१-३२ अंशांवर जाते. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना तो ७.३ वर येतो, आणि त्याच वेळी मासे व झाडे दोघांचेही श्वसन वाढलेले असते. त्या दिवसांत काचेचे झाकण काढावे किंवा सरकवावे, दिवा टांगून वर घ्यावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते. झाकण निघाले की बॅटन उघड्या पाण्यावर येते, त्यामुळे उन्हाळ्यापुरती तिची जागा पक्की बांधून घेणे आवश्यक आहे. उड्या मारणारे मासे असतील तर झाकणाऐवजी जाळी लावावी. तिच्यामुळे प्रकाश थोडा घटतो, तो त्या दिवसांत घटलेलाच चांगला.

झाडांकडून उत्तर घेणे

दिवा बसवल्यावर लगेच निष्कर्ष काढू नये. दुकानात येणारी पुष्कळ रोपे पाण्याबाहेर वाढवलेली असतात; पाण्यात गेल्यावर ती जुनी पाने टाकतात आणि पाण्यातली नवी पाने काढतात. क्रिप्टोकोराइन तर जागा बदलल्याच्या नुसत्या धक्क्याने सगळी पाने विरघळवून टाकते आणि पुढे मुळापासून पुन्हा फुटते. पहिल्या महिन्यात काचेवर येणारा तपकिरी थरही नव्या टाकीचा स्वाभाविक भाग आहे. या दोन्हींसाठी दिव्याला हात लावू नये.

खरी लक्षणे नंतर दिसतात. दांड्यावरच्या दोन पानांमधले अंतर वाढून झाड लांबुळके, हडकुळे होत असेल, खालची पाने गळत असतील, गालिच्याची रोपे आडवी पसरण्याऐवजी उभी वाढत असतील, तर तळाशी प्रकाश कमी आहे. सावकाश वाढणाऱ्या झाडांच्या जुन्या पानांवर कडक हिरवे ठिपके, काचेवर दर दोन दिवसांनी हिरवा थर, पाण्यात तरंगणारे तंतू, ही प्रकाश अधिक झाल्याची चिन्हे आहेत. तेव्हा आधी तास कमी करावेत, मग दिवा वर घ्यावा, आणि तेही जमत नसेल तर पृष्ठभागावर साल्व्हिनियासारखी तरंगणारी वनस्पती सोडून सावली करावी. ही तरंगती वनस्पती भराभर पसरते. तिचा उपसा केल्यावर तो वाळवून कचऱ्यात किंवा खतात घालावा, सूरसागर तलावात किंवा विश्वामित्री नदीत नव्हे. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याला दोन ते तीन आठवडे द्यावेत. दोन बदल एकदम केले तर कशाने काय झाले ते कधीच कळत नाही.

यान इंगेनहाउझ या डच वैद्याने १७७९ मध्ये दाखवून दिले की पाण्यातली हिरवी पाने उजेडात बुडबुडे सोडतात आणि अंधार केला की ते थांबतात. तीच खूण आजही उपयोगी पडते. दिवा लागल्यानंतर चार-पाच तासांनी हायग्रोफिलाच्या किंवा मॉसच्या टोकांवर मोत्यांसारखे बारीक बुडबुडे दिसू लागले तर प्रकाश, कार्बन डायऑक्साइड आणि खत यांचे गणित जमले आहे असे समजावे. पाणी बदलल्यावर लगेच दिसणारे बुडबुडे मात्र धरू नयेत. ते नळाच्या पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात. अनुबियास आणि जावा फर्न असे बुडबुडे क्वचितच दाखवतात, म्हणून केवळ तीच लावलेल्या टाकीत त्यांची वाट पाहत दिवा वाढवू नये. महिन्याला एक-दोन नवी, डागविरहित पाने आली की त्यांचे बरे चालले आहे.

शेवटची बाब झाकणाच्या काचेची. ज्यांच्याकडे बोअरचे जड पाणी येते त्यांच्या झाकणावर शिंतोडे वाळून महिन्या-दोन महिन्यांत पांढरा थर बसतो, आणि दिवा तोच असूनही तळाचा प्रकाश हळूहळू घटत जातो. दर आठवड्याला पाणी बदलताना काच ओल्या फडक्याने पुसावी. थर घट्ट झाला असेल तर काच टाकीवरून उतरवून साध्या व्हिनेगरने घासावी आणि भरपूर पाण्याने धुऊन मगच परत ठेवावी. अनेक महिन्यांचा थर असा एकदम निघाला तर झाडांच्या दृष्टीने तो नवा, अधिक प्रखर दिवा लावल्यासारखाच बदल असतो, म्हणून पुढचे दोन आठवडे टायमर एका तासाने कमी ठेवावा.